खानावळीतला कौलारू मासा

"मासा?" आत्याबाई दोन्ही हात चौकटीला लावून उंबऱ्यात उभ्या राहिल्या. "आमच्या दारात मासा? मयेकर, डोस्कं फिरलंय का काय तुमचं?"

मयेकर हातगाडीशेजारी घाम पुसत उभे होते. गाडीवर गोधडीत गुंडाळलेली काचेची मोठी पेटी, आणि त्यांच्या हातात झाकणाचा स्टीलचा डबा. तो त्यांनी असा जपून धरला होता की आत देवाचा प्रसादच असावा.

"खायचा नाही हो, आत्याबाई. पाळायचा."

"त्ये कळतंय की मला. जैनाच्या खानावळीत खायचा मासा आणायची छाती हाय कुणाची? पर आमी पाणी गाळून पिणारी माणसं. आमच्यात ह्यो पावणा कशाला?"

"तीन आठवडे फक्त. मला मुंबईला ट्रेनिंगला जायचंय. खोलीमालक म्हणतो, कुलूप लावून जा. कुलूप लावून गेलो तर हे दोघं मरतील."

'मरतील' म्हटल्याबरोबर आत्याबाईंचे हात चौकटीवरनं खाली आले. मी मागं पळी घेऊन उभी होते, मला हसू आवरेना. वर्षभर आमच्याकडं जेवून मयेकरांना एवढं पक्कं कळलं होतं, की या म्हातारीपुढं कुठला शब्द टाकायचा.

आमची खानावळ सांगलीच्या गावभागात. पाटीबिटी काही नाही. पुढच्या सोप्यात पाटांच्या दोन ओळी, मागं स्वयंपाकघर, त्यामागं परसू आणि आड. कांदा नाही, लसूण नाही, बटाटा नाही, आणि दिवस मावळायच्या आत शेवटचं ताट उठलं पाहिजे. माझे मालक, भूपाल, अवेळी गेले. त्यानंतर आत्याबाईंनी, म्हणजे माझ्या सासूबाईंनी, आणि मी मिळून हा पसारा मांडला. मूलबाळ नव्हतं. माहेरचे न्यायला आले होते, मी गेले नाही. घरात आम्ही दोघीच, आणि दोघींची तोंडं अशी की शेजारी म्हणायचे, मगदुमांच्याकडं भांडण लागलं की आम्हाला रेडिओ लावायला नको.

रघुवीर मयेकर मूळचे मालवणचे, मत्स्यखात्यात नोकरीला. सरकारी केंद्रात माशांचं बीज तयार करायचं आणि तळ्यांतनं सोडायला द्यायचं, हे त्यांचं काम. पोटात अल्सर झाला, डॉक्टरनं तिखट-तेलकट बंद केलं, म्हणून कुणीतरी आमच्याकडं धाडलं. पहिल्या दिवशी आत्याबाईंनी नोकरी विचारली तर म्हणाले, "सरकारी." कुठलं खातं ते महिन्यानं कळलं. तोवर त्यांच्या पोटाला आमचं वरण मानवलं होतं. आत्याबाई चार दिवस धुसफुसल्या आणि म्हणाल्या, "आता जेवणाऱ्याला ताटावरनं उठवायचं कसं?"

तर अशी ती पेटी सोप्याच्या कोपऱ्यात, खिडकीशी बसली. मयेकरांनी तळाला वाळू पसरली, आडाचं पाणी मी दुहेरी फडक्यातनं गाळून दिलं, आणि डब्यातले दोन मासे अलगद आत गेले. बोटभर लांबीचे, मातकट, अंगावर काळे ठिपके. रूप म्हणाल तर शून्य.

"हे पाळायचे?" मी म्हटलं. "लाल, सोनेरी काही मिळालं नाही वाटतं?"

"थांबा, जरा बघा नीट." मयेकर काचेला नाक लावून बसले. "दुकानदारानं मला काच साफ करणारा मासा म्हणून विकला. तसा हा नाहीच. त्याचं तोंड खालच्या अंगाला असतं, काचेला चिकटतं. ह्याचं पुढं आहे, आणि मिशा बघा, दोन जोड्या. आता अंग बघा. खवलं दिसतात?"

"नाहीत की."

"खवलं नाहीतच. हाडाच्या पट्ट्या आहेत. दोन्ही अंगांना वर एक ओळ, खाली एक ओळ."

"कौलं शाकारल्यासारखी."

मयेकरांनी एकदम माझ्याकडं बघितलं. "अगदी! कौलारू मासा. ह्यांचं गाव दक्षिण अमेरिका. तिकडं होप्लो म्हणतात. पण ह्याला दोन-तीन चुलतभाऊ आहेत, हुबेहूब असेच. एकाची शेपूट गोल असते, ह्याची सरळ कापल्यासारखी आहे, म्हणजे तो बाद. दुसऱ्याच्या अंगावर असे ठिपके नसतात. तरी अगदी छातीवर हात ठेवून नाही सांगत."

"नवराबायको आहेत का?"

"दोन्ही माद्या असाव्यात. नराच्या बाजूच्या पंखाचा काटा जाड असतो. ह्यांचे बघा, किती बारीक."

मग सूचना झाल्या. पंप नको, हा मासा मधूनमधून वर येऊन हवा गिळतो, गुदमरतोय म्हणून घाबरायचं नाही. जाळीनं धरायचा नाही, काटा अडकतो, तांब्यानं उचलायचा. रोज घागरभर जुनं पाणी काढायचं, घागरभर नवं घालायचं. उजेड डोळ्यांवर येऊ नये म्हणून पाण्यावर प्लास्टिकचं एक झाकण तरंगत ठेवलंय, ते राहू द्यायचं. शेवटी त्यांनी खिशातनं खाद्याची पुडी काढली.

"ह्यात काय असतं?" मी विचारलं.

"विचारू नका."

"मग मी घालणार नाही."

"बरं, मग उकडलेला मटार सोलून घाला. कणकेची बारीक गोळी घाला. खातील."

"कांदा-लसूण न्हाई मिळायचं म्हणावं," आतनं आत्याबाई ओरडल्या.

संध्याकाळी आत्याबाई बस्तीत, म्हणजे आमच्या जैन मंदिरात, दर्शनाला गेल्या तेव्हा मयेकर निरोप घ्यायला परत आले. मी पोळपाट धुवत होते. खानावळीतले सगळे मला वहिनी म्हणायचे. हे एकटेच राजमतीबाई म्हणायचे.

"राजमतीबाई, एक विचारायचं होतं. परत आल्यावर विचारणार होतो. पण आत्ता विचारतो, म्हणजे तुम्हाला विचार करायला वेळ मिळेल. माझ्याशी लग्न कराल का?"

मी पोळपाट आधी खाली ठेवला. हातात राहिला असता तर फेकून मारला असता.

"जेवायला येता, का हे करायला येता?"

"आधी जेवायलाच येत होतो," मयेकर म्हणाले. "खरं तेच सांगतो."

खोटं कशाला बोलू, मला ते आवडायचे. ताटात कधी घास टाकला नाही. आवाज चढवून बोलले नाहीत. आत्याबाईंनी कितीही टोचलं तरी हसायचे. पण आवडतं म्हणून काय लगेच मान हलवायची? मी पदर खोचला आणि सरळ तोफ डागली.

"मयेकर, दिवसभर तुमचे हात माशांत. त्याच हातांनी तुम्ही..."

"मी मारत नाही त्यांना. पिल्लं जगवतो आणि तळ्यात सोडतो."

"आणि तळ्यातनं लोक कशाला काढतात? ओवाळायला?"

त्यावर त्यांनी उगाच काहीतरी सारवासारव केली नाही, हेही मला आवडलं, पण मी थांबले नाही. "माझ्या हातनं आजवर कळून मुंगी मेलेली नाही. पिठात किडा निघाला तर मी त्याला परसात नेऊन सोडते. तुमचं-माझं कसं जमायचं? आणि आत्याबाईंचं काय? या वयात त्यांना कुणाच्या भरवशावर टाकू?"

"त्याचं उत्तर माझ्याकडं नाही," मयेकर म्हणाले. "ट्रेनिंग झालं की माझी मालवणला बदली होणार आहे. म्हणूनच आज बोललो."

"मग झालं तर. विषय संपला."

"संपवू नका. मी येईपर्यंत ठेवा."

"मासे ठेवते. विषय ठेवत नाही."

ते हसले आणि गेले. मी पोळपाट पुन्हा धुवायला घेतला. दोनदा धुतला.

पहिला आठवडा बरा गेला. मासे मटार खायला लागले, कणीक खायला लागले. "झाले बाबा जैन," असं आत्याबाई म्हणाल्या. मला मात्र पेटीपुढनं जाताना दरवेळी मयेकरांचं बोलणं आठवायचं आणि दरवेळी आत्याबाईंकडं नजर जायची. गुडघे धरून उठायच्या त्या. रात्री एक हाक मारली तर मी पाहिजे. माझा भाऊ न्यायला आला होता तेव्हा त्या आतल्या खोलीत दार लावून बसल्या होत्या, आणि मी भावाला परत पाठवल्यावर बाहेर येऊन चुलीवर चहा टाकला होता. आम्ही दोघी त्याबद्दल कधी बोललो नाही. अशा माणसाला सोडून मी मालवणला संसार थाटू?

एके दिवशी बघते तर एका माशाच्या पंखाचा काटा केशरी दिसायला लागला.

"आत्याबाई, हळद लागली वाटतं ह्याला!" आमच्या सांगलीत हळदीला काय तोटा? त्या सकाळी मी हळद कांडली होती आणि हात न धुताच मटार टाकला होता. त्या दिवसापासनं हात दोनदोनदा धुवायला लागले. काटा आपला आणखीच केशरी होत गेला, आणि जाडही.

मग फेस सुरू झाला.

सकाळी उठून बघते तर तरंगत्या झाकणाखाली पांढरा फेस. डाळ उकळायला लागली की वर येतो ना, अगदी तसाच. आता खानावळवालीला फेस दिसला की हात थांबतो का? आयुष्यभर डाळीवरचा, उसाच्या रसावरचा, गुळाच्या पाकावरचा फेस काढत आलेली मी. फेस म्हणजे घाण, घाण म्हणजे काढायची. फडकं घेतलं आणि सगळा पुसून काढला.

दुसऱ्या दिवशी पुन्हा फेस, आदल्या दिवसापेक्षा जास्त. पुन्हा काढला. तिसऱ्या दिवशी हात घातला तर तो केशरी काटेवाला सरळ अंगावर धावून आला. डोकं खाली घालून बोटांवर ठोसा! काट्यानं बोटाला ओरखडा आला.

"मेल्या, तुझंच घर साफ करते, आणि मलाच मारतोस?"

"कुणावर वरडायलीस?" आत्याबाईंनी आतनं विचारलं.

"ह्या तुमच्या पावण्यावर! वळणच नाही ह्याला."

आमचं युद्धच लागलं म्हणा ना. तो रात्रभर फेस करायचा, मी सकाळी काढायचे. त्यानं खाणं सोडलं, मटाराकडं ढुंकून बघेना. दुसरी बिचारी कोपऱ्यात दबकून बसायची. ती झाकणाजवळ आली तरी हा तिला पिटाळायचा. एकदोनदा फेसात पिवळट कणही निघाले, मोहरीएवढे. मी म्हटलं, बघा, मटार कुजलाय आत. आणखी घासून पुसलं.

एक सांगायचं राहिलं. आमच्यात पाणी गाळलं की फडक्यावर राहिलेलं वाटेल तिथं झटकत नाहीत. त्यात बारीक जीव असतात. ज्या पाण्यातनं आले त्याच पाण्यात फडकं खळबळून त्यांना परत सोडायचं. लग्न होऊन आले तेव्हा आत्याबाईंनी मला पहिली गोष्ट शिकवली ती ही. आता हा फेस परत पेटीत सोडणं काही शक्य नव्हतं. पण पेटीतलं जुनं पाणी मी रोज परसातल्या दगडी डोणीत ओतत होते. पूर्वी म्हैस होती तिच्या पाण्याची ती डोणी. पाणी तेच, मग नियमही पाळला गेला. फेसाचं फडकं मी रोज त्या डोणीत खळबळायचे आणि वाळत घालायचे.

मयेकर परत आले ते भर दुपारी, जेवणारे उठून गेल्यावर. पिशवी टाकली आणि आधी पेटीशी गेले. आमच्याकडं बघितलंसुद्धा नाही. बघता बघता माणूस उकिडवा बसला आणि भान विसरून आपल्या भाषेत ओरडला, "अरे देवा! ह्यो नर आसा!"

"काय झालं?"

"नर आहे हा, राजमतीबाई! काटा बघा केवढा जाड झालाय, केशरी! वयात आला. मी गाढव, दोन्ही माद्या समजत होतो." त्यांचा चेहरा असा उजळला होता की मलाही उगाच हसू आलं. "ह्यानं घरटं केलं असेल. केलं ना?"

"घरटं? नाही बाई. काडी नाही, कापूस नाही, घरटं कशाचं करणार?"

"फेसाचं. पानाखाली फेस करतो आणि त्यात अंडी सांभाळतो. पिवळी असतात, मोहरीएवढी."

मी मटकन पाटावर बसले.

"काय झालं?" आता मयेकरांनी विचारलं.

"मी काढला," मी म्हटलं. "रोज काढला. आज सकाळीपण काढला. अंडीसुद्धा काढली, कुजका मटार म्हणून." बाप बिचारा पिल्लांसाठी माझ्या हाताशी झुंजत होता आणि मी त्याला वळण नाही म्हणून शिव्या देत होते. याच मयेकरांना मी तोऱ्यात सांगितलं होतं, माझ्या हातनं मुंगी मेली नाही म्हणून.

मयेकर रागावले असते तर बरं झालं असतं. ते नुसते समोर येऊन बसले आणि म्हणाले, "तुम्हाला कुणी सांगितलं होतं? मलाच कळलं नव्हतं. चूक असेल तर निम्मी माझी."

"निम्मी-बिम्मी काही नाही. तुमच्या हातांना नावं ठेवली मी. आज मी जेवणार नाही. उपवास."

"मग मीपण नाही जेवणार."

"तुमचं पोट रिकामं राहिलं की दुखतं."

"दुखू दे."

आत्याबाई दारात उभ्या राहून सगळं ऐकत होत्या. त्या कडाडल्या. "वा! दोघंबी उपाशी बसा. भात चुलीवर वाळू दे. आगं बाई, त्यो फेस टाकलास कुठं?"

"टाकला नाही. डोणीत खळबळला."

"मग हितं सोप्यात काय रडालीस? डोणीत बघ की जाऊन!"

मयेकर आमच्या दोघींच्या आधी परसात पोचले. डोणीतलं पाणी हिरवंगार झालेलं, तळ दिसेना. मी वाकून बघितलं, काही नाही. नुसत्या डासांच्या अळ्या.

"एक ताट द्या," मयेकर म्हणाले.

मी स्वयंपाकघरातनं स्टीलचं जेवायचं ताट आणून दिलं. त्यांनी ते हळूच पाण्यात बुडवलं, वीतभर खाली धरलं आणि हात अजिबात न हलवता थांबले. आम्ही दोघी वाकून उभ्या. चकचकीत ताटावरनं एक काळा ठिपका सरकला. मग दुसरा. मग चार-पाच एकदम.

"अळ्या असतील," मी म्हटलं. आशा धरायचीसुद्धा भीती वाटत होती.

"अळी वेटोळं घालत वर येते. हे बघा, ताटावर टेकून बसले. आणि तोंडाकडं बघा."

मी पार पाण्याला नाक लावलं. नखाएवढा जीव, आणि त्याला मिशा! सुताएवढ्या बारीक, पण मिशाच. मी एवढ्या मोठ्यानं हुंदका दिला की ताटावरची सगळी पिल्लं पसार झाली.

"गप की गं, घाबारली ती," आत्याबाई म्हणाल्या आणि स्वतःच पदरानं डोळे पुसायला लागल्या. मग म्हणाल्या, "मोठी झाली की किष्णेत सोडू. पुण्य लागंल."

"नाही, आत्याबाई!" मयेकर ताडकन उठले. "नदीत एकपण नाही. परक्या मुलखातला मासा आहे. आपल्या माशांच्या तोंडचं खाईल, त्यांची अंडी खाईल. एकाला सोडलं तर शंभरांचा जीव जाईल."

आत्याबाई स्वयंपाकघराकडं वळल्या. "बरं झालं सांगिटलासा," एवढंच म्हणाल्या आणि दोघांना जेवायला वाढलं.

मयेकरांच्या हातात बदलीचा हुकूम होता. महिनाअखेर मालवणला हजर व्हायचं होतं. दोन दिवसांत त्या नरानं पुन्हा फेस केला, पुन्हा अंडी आली, आणि आता खानावळीत कडक शिस्त लागली. पेटीपुढं मोठ्यानं बोलायचं नाही, आणि मी हात मागं बांधून उभं राहायचं. राखणीला बसल्या आत्याबाई. ज्या बाईनं मासा उंबऱ्याबाहेर अडवला होता, तीच आता पाट घेऊन काचेपुढं बसायला लागली. "बघा, पंखानं वारा घालायलाय!" म्हणून जेवणाऱ्यांना सांगायची.

"हा खात का न्हाई वो?" त्यांनी मयेकरांना विचारलं.

"राखण चालू आहे तोवर खाणार नाही. घरटं सोडून हलणार नाही, कुणी जवळ आलं तर त्याच्या अंगावर जाणार."

"मादीलाबी येऊ देत न्हाई?"

"तिलापण नाही. कोण आपलं, कोण परकं, ते बघत नाही."

"आणि पिल्लं भाईर पडल्यावर?"

"मग राखण संपली. ती आपली आपण हिंडतात. हा घरटं सोडतो आणि जेवायला लागतो. तेव्हा त्याला वेगळ्या भांड्यात काढायचं, म्हणजे सगळेच सुखी."

आत्याबाई "हं" म्हणाल्या. त्या दिवशी दुपारी त्या काचेपुढनं उठल्याच नाहीत.

मयेकर सामान बांधायला लागले होते. मला त्यांनी पुन्हा विचारलं नाही, पण माझ्याकडं बघत होते, आणि उत्तर देणं मला भाग होतं. भांडी घासता घासता मी सांगून टाकलं. "हातांचं म्हणाल तर माझं काही म्हणणं उरलं नाही. तुम्ही मला पसंत आहात. पण मी येणार नाही. आत्याबाईंना सोडून मला स्वर्गातपण जायचं नाही. पुन्हा विचारू नका, मला रडू येतं."

"नाही विचारणार," मयेकर म्हणाले.

"मी इचारते." आत्याबाई मागं उभ्या होत्या. केव्हापासनं ते देव जाणे. "राजमती, भूपाल गेला तवा तुजा भाऊ न्यायला आलता. तू गेली न्हाईस. का गेली न्हाईस ते मी कधी इचारलं न्हाई. तुला ठावं हाय का, का इचारलं न्हाई?"

मी नाही म्हणून मान हलवली.

"भीत हुते. इचारलं आणि तुला जावंसं वाटलं तर? मी एकटी काय करू? म्हणून गप बसले. दुसरं स्थळ घिऊन तुजी मामी आलती, तिला तर भाईरच्या भाईर हाकलून लावली. तुला सांगिटलंबी न्हाई. लोकांना वाटलं, सासू काय राखतीया सुनंला! आगं, मी माजंच राखत हुते." त्या माझ्यापुढं येऊन बसल्या. "आता इचारते. तुला जायाचं हाय का?"

"मला तुमच्याजवळ राहायचं आहे," मी रडत म्हटलं.

"त्ये न्हाई इचारलं मी. मयेकरासंगं जायाचं हाय का?"

"आहे."

"मग जा."

"तुम्ही येणार असाल तरच जाणार. नाहीतर या जन्मात नाही!" मी परात आपटली. "बघू कुणाचा हट्ट चालतो ते!"

"मी? माशाच्या गावात?"

"मालवणच्या घरी मागच्या बाजूला वेगळी खोली आहे, आत्याबाई," मयेकर घाईघाईनं म्हणाले. "वेगळी चूल. तुमच्या चुलीजवळ आमच्या घरातलं कुणी फिरकणार नाही. आणि मी तुमच्याच पंगतीला जेवीन, अल्सर बरा झाला तरी."

आत्याबाई दोन दिवस भांडल्या. माझ्याशी भांडल्या, मयेकरांशी भांडल्या, बस्तीत जाऊन देवाशीही भांडल्या असतील. गावभागात कुजबूज सुरू झाली, शेजारीण टोमणा मारून गेली, तिच्याशी तर कडाकडा भांडल्या. तिसऱ्या दिवशी सकाळी मला उठवून म्हणाल्या, "येती म्हणून सांग त्याला. पर चूल माजी, आणि भांडण झालं तर मी तुज्या बाजूची."

लग्नाच्या नोटिशीचा महिना संपल्यावर मयेकर मालवणहून रजा काढून आले आणि आम्ही लग्नाच्या कचेरीत गेलो. माहेरचं कुणी आलं नव्हतं. मयेकरांचे दोन मित्र, मी, आणि नवं लुगडं नेसलेल्या आत्याबाई, बस्स. साहेबांनी कागदावरनं नजर फिरवली, मग आत्याबाईंकडं बघितलं. त्यांना जरा गोंधळल्यासारखं झालं.

"आजी, तुम्ही ह्यांच्या कोण?"

"का? साक्षीदार."

"ते झालं. पण नातं काय? आडनाव मगदूम दिसतंय. म्हणजे ह्यांच्या पहिल्या यजमानांच्या आई? सासूबाई तुम्ही?" ते हसून म्हणाले, "सासू म्हणजे मुलाकडची बाजू झाली. इथं वधूकडचं कुणी आहे का?"

मी खाली बघितलं. मयेकर काहीतरी बोलायला पुढं झाले, तेवढ्यात आत्याबाईंनी टेबलावर हात ठेवला.

"सायेब, माजा मुलगा वर गेला, त्याला लई वर्सं झाली. मी कुठल्या मुलाकडची? मी पोरीकडची. पोरीची आई हाय मी. तसंच लिवा."

साहेबांनी एकदा माझ्याकडं बघितलं आणि तसंच लिहिलं.

लग्न होऊन मगदुमांच्या घरात गेल्यापासनं मी त्यांना आत्याबाईच म्हणत आले होते. त्या दिवशी, भर कचेरीत, सगळ्यांच्या देखत, मी त्यांच्या गळ्यात पडले आणि "आई" म्हणून हाक मारली. आणि त्यांनी ओ दिली.